सिकलसेलचा हिशोब वाटाण्यांनी कसा मांडायचा

माझ्या धाकट्या भावाचे हातपाय दुखायला लागले की आई रात्रभर गरम पाण्याची पिशवी घेऊन त्याच्या उशाशी बसायची. आजी दर वेळी म्हणायची, "आमच्या खानदानात असं कोणालेच नोतं." म्हणजे दोष आईकडे. भाऊ एसएस पॅटर्नचा, म्हणजे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा रुग्ण आहे हे कळलं तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. मग आईबाबांचं रक्त तपासलं, तर दोघंही एएस, म्हणजे वाहक निघाले. अर्धं आईकडून आलं होतं आणि अर्धं बाबांकडून. आजीला हे कोणी समजावून सांगितलंच नव्हतं.

आज मी नागपुरातच लॅब टेक्निशियन आहे. रिपोर्ट घेऊन येणाऱ्यांना टेबलावर जे करून दाखवते, ते घरी तुम्हालाही करता येईल.

इतवारीतून मूठभर सुके पांढरे वाटाणे आणि मूठभर हिरवे वाटाणे आणा. आकार सारखा बघून घ्या. एक बारीक, एक जाड असेल तर बोटांना फरक कळतो आणि खेळ बिघडतो. मेंडेलनेही 1856 पासून मठाच्या बागेत वाटाण्यावरच आनुवंशिकता तपासली होती.

पांढरा वाटाणा म्हणजे ए, हिरवा म्हणजे एस. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीचं जनुक अकराव्या गुणसूत्रावर असतं आणि प्रत्येकाकडे त्याच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बाबांची. त्याच जनुकाच्या वेगवेगळ्या रूपांना अलील म्हणतात, शाळेच्या पुस्तकातले युग्मविकल्प. या दोन रूपांमध्ये डीएनएच्या एका अक्षराचा फरक आहे. त्यामुळे साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं, आणि ऑक्सिजन कमी पडला की तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते.

आता दोन वाट्या घ्या, एक आईची, एक बाबांची. दोघंही एएस धरून प्रत्येक वाटीत एक पांढरा, एक हिरवा टाका. डोळे मिटून दोन्ही वाट्यांतून एकेक उचला. ही जोडी म्हणजे बाळ. कागदावर लिहा. मग दोन्ही वाटाणे ज्याच्या त्याच्या वाटीत परत टाका. असं चाळीसदा करा. साधारण दहा वेळा एए, वीस वेळा एएस, दहा वेळा एसएस येईल. अगदी तंतोतंत नाही येणार, आणि ते बरोबरच आहे.

परत टाकणं विसरू नका, सगळं तिथेच आहे. एक बाई मला म्हणाल्या, "ताई, पहिलं एसएस झालं, म्हणजे आता तीन चांगले होतील न जी?" मी त्यांच्याच हातून वाटाणे उचलवले. लागोपाठ दोनदा हिरवा-हिरवा आला. त्या बराच वेळ वाटीकडे बघत राहिल्या. चारात एक ही शक्यता प्रत्येक बाळंतपणाला नव्याने लागू होते. वाटीला मागचं काही आठवत नाही.

बाकीच्या जोड्या पटकन होतात. एएस आणि एए असेल तर एसएस बाळ होत नाही, निम्मी शक्यता एएसची. एसएस आणि एए असेल तर सगळी एएस. एसएस आणि एएस असेल तर दर बाळाला निम्मी शक्यता एसएसची.

एएस म्हणजे वाहक, रुग्ण नव्हे. एरवी त्याला त्रास नसतो, म्हणून आजाराच्या बाबतीत एस अप्रभावी. पण लपलेलं काहीच नसतं. इलेक्ट्रोफोरेसिस म्हणजे विजेच्या प्रवाहाने हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी तपासणी. तिच्या पट्टीवर एएसच्या रक्ताच्या दोन रेघा उमटतात, ए पुढे पळालेली, एस मागे राहिलेली. एसएसच्या पट्टीवर ए ची रेघच नसते. पहिल्यांदा भावाची पट्टी हातात घेतली तेव्हा त्या रिकाम्या जागेवरून माझी नजर हटेना.

रिपोर्ट वाचताना मात्र जपा. सोल्युबिलिटी टेस्टमध्ये, म्हणजे रक्त द्रावणात टाकून करायच्या प्राथमिक चाचणीत, 'सिकलिंग पॉझिटिव्ह' आलं तर एवढंच कळतं की एस आहे. एक की दोन, ते कळत नाही. माझ्या मावसबहिणीचं ठरलेलं लग्न त्या एका शब्दावर मोडलं. नंतर इलेक्ट्रोफोरेसिस केलं, ती एएस होती. मुलगा एए होता. त्यांना एसएस बाळ झालंच नसतं. मला आजही त्याची चीड येते. म्हणून इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी (हिमोग्लोबिनचा प्रत्येक प्रकार किती ते मोजणारी तपासणी) झाल्याशिवाय वाट्या मांडू नका. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाची सोल्युबिलिटी टेस्ट धरू नका, कारण त्याच्या रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिन अजून बरंच असतं. नुकतंच रक्त चढवलं असेल तर पट्टीवर रक्तदात्याचा ए दिसतो, त्यामुळे सुमारे तीन महिने थांबा.

एचपीएलसीत ए-टू या हिमोग्लोबिनच्या आणखी एका प्रकाराचा आकडाही बघून घ्या. तो वाढलेला असेल तर बीटा थॅलेसेमियाचा (बीटा साखळी कमी बनण्याच्या आनुवंशिक आजाराचा) वाहक असण्याची शंका येते, आणि एक एएस, दुसरा थॅलेसेमियाचा वाहक अशा जोडीच्या बाळालाही एसएससारखा त्रास होऊ शकतो. तिथे तिसऱ्या रंगाचा वाटाणा लागतो.

दोघंही एएस असाल आणि दिवस गेले असतील तर लगेच नागपुरातल्या मेडिकल, मेयो किंवा डागा या सरकारी दवाखान्यात जाऊन विचारा. गर्भाची तपासणी दहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमारास वारेचा नमुना घेऊन करता येते, आणि हे आठवडे भराभर निघून जातात. जाताना दोघांचेही रिपोर्ट न्या. फक्त सुनेचा रिपोर्ट घेऊन कोणी आलं की मी दुसरी वाटी रिकामीच पुढे ठेवते.