पोळी-भाजी केंद्राचा कचरा आधी वहीत पकडा

ठाण्यात नौपाडा-पाचपाखाडीच्या पट्ट्यात आम्हा पोळी-भाजीवाल्यांची काही कमतरता नाही. संध्याकाळी स्टेशनवरून घरी निघालेली माणसं आमच्या दारात थांबतात, आणि रात्री शटर ओढायच्या वेळी त्याच दारात भरलेल्या बादल्या उभ्या असतात. नवीन केंद्र काढणाऱ्या मुली सल्ला विचारायला येतात तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘काकू, खताची टाकी कुठली घेऊ?’ मी सांगते, टाकी सगळ्यात शेवटी. आधी एक शंभर पानी वही आण आणि लटकवायचा वजनकाटा आण.

बादल्या तीन ठेवायच्या. पहिलीत देठं, साली, कोबीची वरची पानं. दुसरीत शिजवलेलं पण न विकलेलं. तिसरीत पिशव्या, पुठ्ठे, दुधाच्या पिशव्या, पॅकिंगचं फाटकंतुटकं. रात्री झाडू मारण्याआधी तिन्ही काट्याला लावायच्या आणि वजन वहीत लिहायचं. शेजारी वार, तिथी आणि पाऊस होता का तेही लिहायचं. तिथी का, ते पुढे सांगते. महिनाभर एवढंच करायचं, बाकी काहीही बदलायचं नाही. हे कंटाळवाणं काम आहे, आणि आठवड्याभरात ‘आज अंदाजे पाच किलो’ असं लिहायचा मोह होतोच. अंदाजे लिहायचं असेल तर वही न ठेवलेली बरी.

महिन्याने वही उघडलीत की पहिली बादली सगळ्यात जड दिसेल. त्याने घाबरू नका. फ्लॉवरचा पाला जडच असतो, आणि त्यात तुमचे पैसे फारसे नसतात. नजर दुसऱ्या बादलीवर ठेवा. तिच्यात पडलेल्या मटकीच्या उसळीत मटकी आहे, तेल आहे, खोबरं आहे, गॅस आहे आणि मावशींची मजुरी आहे. समजा रोज ३० पोळ्या उरतात. किलोभर पिठात साधारण तेवढ्याच पोळ्या होतात. महिन्याचे कामाचे दिवस २६ धरले तर २६ किलो पीठ गेलं, आणि ७८० पोळ्या कुणीतरी तव्यासमोर घाम गाळत लाटल्या त्या वेगळ्या. आता तुमच्या विक्रीच्या भावाने गुणा. हा आकडा नवऱ्याला दाखवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

अंदाज कसा बांधायचा

आमच्या धंद्यात कचरा रात्री दिसतो, पण तो तयार होतो सकाळी दहाला, किती पीठ भिजवायचं हे ठरवताना. म्हणून तिथी लिहायची. संकष्टीला साधी पोळी कमी जाते. त्या दिवशी उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी घ्याव्यात आणि कणीक आवरती ठेवावी. एकादशीला साबुदाणा. श्रावणात कांदा-लसूण घातलेली भाजी पडून राहते आणि बिनकांद्याची आठ वाजता संपते. आषाढाच्या शेवटी गटारीला तर दुकान उघडंही ठेवू नये असं माझं मत. त्या संध्याकाळी दोडक्याची भाजी विकायला बसणं म्हणजे स्वतःच्या संयमाची परीक्षा घेणं. मे महिन्यात निम्मं गिऱ्हाईक गावी. गणपतीच्या दिवसांत कोण घरी आहे नि कोण कोकणात, याचा पत्ता गणपतीलाच.

ठाण्यात आणखी एक पंचांग आहे, ते मध्य रेल्वेचं. रविवारी मेगाब्लॉक असला की संध्याकाळची गर्दी बदलते. मोठ्या पावसात गाड्या अडकल्या की माणसं एकतर येतच नाहीत किंवा दहा वाजता सगळी एकदम येतात. त्या दिवशी दुपारी चारला सगळ्या पोळ्या लाटून ठेवलेल्या असल्या तर गेल्याच म्हणून समजा.

यावर उपाय जुनाच आहे, घाणे पाडायचे. पिठाचे दोन भाग करायचे. एक साडेचारला भिजवायचा, दुसरा साडेसहानंतर, दारातली गर्दी बघून. आठनंतर पोळी फक्त मागणीवर, गरम. तवा तापलेला ठेवावा लागतो, गॅस थोडा जास्त जातो, हे खरं. पण गरम पोळीला गिऱ्हाईक पाच मिनिटं आनंदाने थांबतं. भाजीचंही तेच. सगळी चिरून ठेवा, पण फोडणी दोन वेळा करा. चिरलेली फरसबी किंवा मोड आलेली मटकी कच्ची असताना फ्रिजमध्ये रात्र काढते, फोडणीला पडलेली नाही काढत. भाज्यांची संख्याही कमी करा. सुक्या दोन, रस्सा एक, उसळ एक. फळ्यावर दहा नावं लिहिणाऱ्यांची दुसरी बादली बघा एकदा.

रोजच्या गिऱ्हाइकांकडून सकाळी अकरापर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर मागवा. लोक सुरुवातीला कुरकुरतात, मग त्यांनाच बरं वाटतं, कारण आपली भाजी संपणार नाही याची खात्री असते. साडेआठनंतर उरलेली भाजी कमी भावात द्यायची असेल तर ती रोज देऊ नका. रोज दिलीत की माणसं साडेआठलाच येतात.

खरेदीबद्दल एवढंच. वाशीच्या एपीएमसीत गोणीचा भाव स्वस्त पडतो, पण गोणी संपवायची ताकद असेल तरच. आम्ही दोन-तीन केंद्रवाल्या मिळून गोणी घेतो आणि वाटून घेतो, बाकी किरकोळ जांभळी नाक्यावरून. मंडईतच पाला तोडून घ्यावा असं काही जण सांगतात. त्याने तुमची बादली हलकी होते, शहराची होत नाही.

उरलंच तर

आधी सालींचं बोलू. दोडक्याच्या शिरांची आणि दुधीच्या सालीची चटणी तीळ-खोबरं घालून खमंग परतली तर विकली जाते. फक्त दोडका-दुधी निवडण्याआधी धुवायला हवा, नंतर नव्हे. कोथिंबिरीचे कोवळे देठ वाटणात. फ्लॉवरचे कोवळे दांडे रश्श्यात. मेथीचे जून देठ मात्र कुणाच्या घशाखाली उतरत नाहीत, उगाच काटकसर दाखवू नये.

उरलेल्या पोळ्या दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाला विकायच्या नाहीत. सकाळी कामावर येणाऱ्या मावश्यांसाठी फोडणीची पोळी किंवा गूळ-तूप घालून पोळीचा लाडू करायचा. तोही त्यांना आवडत असेल तर. मजुरीचा भाग म्हणून शिळं खाणं कुणाच्या गळी मारायचं नाही. दान करायचं असेल तर जागा आधी ठरवा, नऊच्या आत कोण येऊन नेणार ते ठरवा आणि स्वतः खाल तेच द्या. दिवसभर बाहेर राहिलेला भात देऊन पुण्य लागत नाही, कुणाचं तरी पोट बिघडतं.

डबे आणि पुड्या

राज्याची प्लास्टिकबंदी २०१८ ची. पहिल्यांदा सापडलात तर ५,००० रुपये दंड, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि तीन महिने कैदेची तरतूद. १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकचे चमचे, काटे, ताटल्या, पेले, स्ट्रॉ देशभर बंद झाले. तरीही पोळी-भाजीच्या पिशवीत चमचा टाकायची सवय अजून गेलेली नाही, आता तो लाकडी झाला एवढंच. घरी जेवायला निघालेल्या माणसाला चमचा कशाला? मागितला तर द्या.

पर्याय म्हणून उसाच्या चिपाडाचे डबे येतात. सुक्या भाजीला उत्तम. रस्सा टिकावा म्हणून काहींना आतून पातळ थर लावलेला असतो. डबा फाडून बघा, झिल्लीसारखं सोलून निघालं तर तो खतात जाणार नाही. हिरवं पान छापलेल्या पिशव्यांचंही तसंच. ‘बायोडिग्रेडेबल’ असं कुणीही छापतं. ‘कंपोस्टेबल’ पिशवी विकायला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, ते दुकानदाराकडे मागा. आणि ती पिशवीसुद्धा सोसायटीच्या खड्ड्यात लवकर विरघळेल या भ्रमात राहू नका. तिला लागणारी उष्णता मोठ्या प्रकल्पात मिळते, आपल्या टाकीत ती टिकत नाही. पोळ्या वर्तमानपत्रात गुंडाळू नयेत, शाई अन्नाला लागते. बटर पेपर किंवा केळीचं पान वापरा. ओल्या चटणीला पानाची पुडी, सुतळीने बांधलेली.

पण या सगळ्यापेक्षा परत येणारा डबा बरा. मुंबईचे डबेवाले १८९० पासून हेच करतात, डबा रिकामा होऊन परत घरी पोचतो. महिन्याच्या गिऱ्हाइकांसाठी स्टीलचे दोन-दोन डबे ठेवा आणि अनामत घ्या. आज भरलेला गेला की कालचा रिकामा परत येतो. झाकणावर रंगाने नंबर घाला. नाव घालू नका, भाडेकरू बदलतात. अनामत डब्याच्या किमतीइतकीच घ्या, कमी घेतलीत तर डबा कुणाच्या तरी डाळीसाठी कायमचा कपाटात जातो. घरून डबा आणणाऱ्याला पॅकिंगचे पैसे सोडा, आणि तसं फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा. मुख्य म्हणजे त्याची भाजी आधी भरा. रांगेतल्या माणसाला पाच रुपयांपेक्षा पाच मिनिटं प्यारी असतात.

तेल

आम्ही वडे-पुऱ्या फक्त शनिवारी-रविवारी करतो, म्हणून इथे थोडक्यात. तळणीचं तेल गार झालं की गाळायचं आणि लगेच फोडणीत संपवायचं. फेस यायला लागला, हाताला चिकट लागलं किंवा लवकर धूर सोडायला लागलं की ते बाद. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ पासून तेलातल्या ‘टोटल पोलर कंपाउंड्स’ना, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवल्यावर त्यात वाढणाऱ्या खराब घटकांना, २५ टक्क्यांची मर्यादा घातली आहे, त्यापुढचं तेल खाण्यात वापरता येत नाही. ते सिंकमध्ये ओतू नका, पावसाळ्यात गटार तुंबलं की पहिली आपलीच पायरी बुडते. गाड्यावाल्यांनाही विकू नका, तेच तेल पुन्हा लोकांच्या पोटात जातं. त्याच प्राधिकरणाची ‘रुको’ नावाची योजना आहे, तिच्यात नोंदलेले संकलक वापरलेलं तेल बायोडिझेलसाठी नेतात. एकट्या छोट्या केंद्राचं तेल न्यायला कुणी येत नाही. गल्लीतल्या चार-पाच जणांनी एक कॅन भरा, मग येतात.

आता टाकी

आमचा गाळा सोसायटीच्या तळमजल्यावर आहे, बहुतेकींचा असतोच. वर राहणाऱ्यांना आमचा वास, आमचे उंदीर आणि दारातल्या दुचाकी यांचा राग असतो, आणि तो रास्त आहे. त्यामुळे खताचा विषय एकट्याने काढू नका, सोसायटीच्या सभेत न्या. मोठ्या सोसायट्यांवर ओला कचरा आवारातच जिरवायची जबाबदारी २०१६ च्या नियमांनीच टाकली. सौदा सोपा आहे. साली आमच्या, जागा सोसायटीची, खत दोघांचं.

खताला ओल्याइतकाच सुका माल लागतो. एक घमेलं साली, एक घमेलं सुका पाला. पावसात पाला दीडपट. हा पाला आणायचा कुठून? फेब्रुवारी-मार्चमध्ये रस्त्याकडेची झाडं गळतात तेव्हा गोळा करून गोण्यांत भरायचा आणि कोरड्या जिन्याखाली ठेवायचा. जुलैत सुकं पान शोधून सापडत नाही, आणि बहुतेक सोसायट्यांचे खड्डे जुलैतच बंद पडतात. नारळाच्या शेंड्या तोडून टाकल्या तरी चालतात. विरजण म्हणून जुनं खत किंवा आंबट ताक.

डोळे, नाक आणि एक लोखंडी सळई, एवढीच अवजारं. सळई ढिगात खोचून काही मिनिटांनी काढा, हाताला चांगली गरम लागली तर काम चालू आहे. नाकात झोंबणारा वास आला तर ओलं जास्त झालं, पाला घाला. सडक्या अंड्याचा वास आला तर आत हवा नाही, उकरून वरखाली करा. मूठभर दाबल्यावर हात ओला व्हावा, पाणी ठिबकू नये. पांढऱ्या-करड्या अळ्या दिसल्या तर सभासद ओरडतील. त्या कुजवायला मदतच करतात, वर पाल्याचा थर द्या म्हणजे दिसणार नाहीत. दीड-दोन महिन्यांत चाळायला येतं, पावसात जास्त लागतात.

शिजवलेलं, मिठा-तेलाचं या खड्ड्यात नको. त्याला बायोगॅस चांगला. भाभा अणुसंशोधन केंद्राचं ‘निसर्गऋण’ तंत्र अशाच स्वयंपाकघरी खरकट्यासाठी आहे, पण एका केंद्राच्या किंवा एका सोसायटीच्या आवाक्यात ते क्वचितच बसतं. म्हणून दुसरी बादली रिकामी ठेवणं हाच तिचा स्वस्त उपाय. ढीग सांभाळायला कुणी हवं असेल तर शिकलेल्या बायकांना रीतसर पगारावर घ्या. स्त्री मुक्ती संघटनेने कचरा वेचणाऱ्या बायकांना ‘परिसर भगिनी’ म्हणून या कामाचं प्रशिक्षण दिलेलं आहे. रखवालदाराच्या गळ्यात हे काम फुकट मारलंत तर ढीग आठवड्यात सडतो.

दुधाच्या पिशव्यांचं एक राहिलं. कोपरा पूर्ण कापून टाकू नका, चीर देऊन लटकता ठेवा. तो कपटा सालींच्या बादलीत पडला की खत चाळताना एकेक वेचत बसावं लागतं. धुऊन वाळवलेल्या पिशव्या भंगारवाला घेतो, ओशट घेत नाही.

आणि खत तयार व्हायच्या आधी वाटपाचा नियम सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्या. आधी सोसायटीच्या बागेला, मग सभासदांना घरटी एक डबा, उरलेलं गाळेधारकांना. हे न लिहिल्यामुळे कुंड्यांवरून झालेली भांडणं मी पाहिली आहेत, आणि ती पार्किंगच्या भांडणांपेक्षा लांब चालतात.