अनीलिंग करूनही पत्रा तडकतो? या चुका टाळा

तांब्याचा पत्रा ठोकता ठोकता कडक होतो. मग तो तापवून मऊ करायचा, म्हणजेच अनीलिंग करायचं, आणि पुन्हा ठोकायचा. तरीही काठाशी चीर पडली की आपण हातोड्याला दोष देतो. चूक बहुधा त्याआधीच, भट्टीपाशी झालेली असते.

धातूच्या आत काय चालतं हे कळलं की निम्म्या चुका टळतात. मऊ धातूच्या स्फटिकांत अणूंच्या रांगा चुकलेल्या जागा, म्हणजे स्थानभ्रंश, दर चौरस सेंटिमीटरला 10 लाख ते 10 कोटींच्या घरात असतात. भरपूर ठोकल्यावर हा आकडा 1 लाख कोटीपर्यंत जातो. ते एकमेकांत अडकतात, रांगा सरकेनाशा होतात आणि धातू कडक होतो. उष्णता दिली की आधी थोडा ताण सुटतो, मग जुन्या पिचलेल्या कणांच्या, म्हणजे धातूतल्या बारीक स्फटिकांच्या, जागी नवे, ताणरहित कण जन्मतात. मऊपणा येतो तो इथे. त्यानंतरही आच चालू ठेवली, तर ते कण नुसते फुगत जातात.

म्हणूनच माझ्या मते सर्वांत मोठी चूक म्हणजे ‘हळू थंड केलं की मऊ होतं’ हा नियम सरसकट लावणं. तांबं आचेतच मऊ झालेलं असतं. लाल तांबं पाण्यात बुडवलं तरी ते कडक होत नाही, उलट वरची काळी पापडी सुटते. पोलादाचं तसं नाही. 727 अंशांच्या वर त्याची स्फटिकरचनाच बदलते. पुरेसं कार्बन असलेलं पोलाद तिथून झटकन थंड केलं, तर ते ठिसूळ आणि कडक होतं. हत्याराला पाणी देतात ते याचसाठी. मऊ हवं असेल तर ते बंद भट्टीतच निवू द्यावं लागतं. 304 जातीच्या स्टेनलेस स्टीलला मात्र हीच सबुरी बाधते. 850 ते 425 अंशांच्या टप्प्यात ते रेंगाळलं, तर क्रोमियम कार्बनशी जोडलं जाऊन कणांच्या सीमांवर जमतं आणि पुढे तिथूनच गंज शिरतो. ते 1040 अंशांच्या वर तापवून लगेच थंड करतात.

दुसरी चूक, ‘जरा जास्तच तापवू’. वाकवल्यावर पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत दिसला, तर कण फुगलेत हे नक्की. पोलाद रचना बदलण्याच्या तापमानापलीकडे नेऊन पुन्हा निववलं की कण बारीक होतात. तांब्यापितळेला ही सोय नाही. चांगलं ठोकून, मग बेताच्या आचेवर पुन्हा अनीलिंग करावं लागतं. आणि ‘चांगलं ठोकून’ हे महत्त्वाचं. दोनचार टक्केच आकार बदलून तापवलं, तर नव्या कणांची बीजं मोजकीच पडतात आणि प्रत्येक कण अवाढव्य वाढतो.

रंगावरून अंदाज घेत असाल तर उन्हात कधीच घेऊ नका; सावलीत फिकट लाल दिसणारं तांबं उन्हात काळंच वाटतं. ॲल्युमिनियम तर 660 अंशांना वितळतं, लाल होण्याची वाट पाहिलीत तर पत्रा हातचा जाईल. त्यावर साबणाची रेघ ओढा, ती काळी पडली की ज्योत हटवा.

सगळं नीट करूनही तांबं तडकत असेल तर ज्योत तपासा. काही तांब्यात थोडा ऑक्सिजन मुरलेला असतो. ज्योतीत हायड्रोजन उरत असला, तर तो आत शिरून ऑक्सिजनशी मिळतो, वाफ बनते आणि ती कणांच्या सीमा फोडते. असा तुकडा कितीही तापवला तरी सुधारत नाही, तो वितळवायलाच द्यावा.

भिंगासाठी वाढवलेल्या कॅल्शियम फ्लोराइडसारख्या स्फटिकात मात्र हळू निववणं हेच सगळं काम आहे. बाहेरचा थर आधी आणि गाभा नंतर थंडावला की आत ताण उरतो. एकमेकांना काटकोनात धरलेल्या दोन ध्रुवक (एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश सोडणाऱ्या) पट्ट्यांमध्ये तो स्फटिक ठेवून पाहा. अंधार राहायला हवा तिथे उजेडाचे पट्टे दिसले, तर तो पुन्हा भट्टीत ठेवून आणखी सावकाश निववावा लागेल.