रस्त्याच्या पलीकडून वाचता येईल असे चित्रपटाचे पोस्टर कसे करावे

ताशी 40 किलोमीटर वेगाने जाणारी एसटी एका सेकंदात सुमारे 11 मीटर पुढे सरकते. सांगली-तासगाव रस्त्याकडेच्या भिंतीवरचे पोस्टर खिडकीतल्या प्रवाशाला 30 मीटरांवरून दिसू लागले, तर ते पाहायला त्याला पुरते तीन सेकंदही मिळत नाहीत. तेवढ्या वेळात चित्रपटाचे नाव वाचले गेले पाहिजे, गोष्ट कोणत्या जातकुळीची आहे हे कळले पाहिजे आणि घरी गेल्यावर आठवावे असे काहीतरी डोळ्यांत राहिले पाहिजे. बाकीचा मजकूर जवळ येऊन थांबणाऱ्यासाठी असतो. पोस्टरचे काम हाती घेणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हा हिशेब करायला सांगतो, कारण आपण पोस्टर दोन फुटांवरच्या संगणकाच्या पडद्यावर तयार करतो आणि प्रेक्षक ते पन्नास फुटांवरून पाहतो.

लांबून पाहण्याची ही दृष्टी आपल्या भागाला नवी नाही. 1843 साली विष्णुदास भावे यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर केले आणि पुढे नाटक मंडळ्यांबरोबर पडदे रंगवणाऱ्या चित्रकारांची परंपरा वाढली. नाटकाचा पडदा शेवटच्या रांगेतल्या माणसाला कळला नाही, तर तो फुकट गेला असेच समजायचे. शेजारच्या कोल्हापुरातले बाबूराव पेंटर हे असेच पडदे रंगवणारे कलावंत होते आणि पुढे तेच महाराष्ट्र फिल्म कंपनीचे दिग्दर्शक झाले. त्यांच्या ‘कल्याण खजिना’ या 1924 सालच्या चित्रपटाचे पोस्टर हे आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय सचित्र पोस्टरांपैकी एक मानले जाते. पडदे रंगवणाऱ्या हातानेच आपल्याकडचे पोस्टरही घडवले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

काम सुरू करताना संगणक उघडू नये. चित्रपट, निदान त्याचे कच्चे संकलन, ज्याचा चित्रपटाशी काहीही संबंध नाही अशा एखाद्या माणसाला दाखवावे आणि “घरी जाऊन काय सांगाल?” एवढेच विचारावे. तो जे एक वाक्य बोलेल, त्यात पोस्टरचा विषय असतो. समजा, तासगावकडच्या एका द्राक्ष बागायतदाराची आणि त्याच्या मुलीची गोष्ट आहे. गारपिटीत बाग गेली आहे, वडिलांना जमीन विकायची आहे आणि मुलगी नको म्हणते आहे. पोस्टरसाठी पहिला विचार बहुधा असा येतो की, वरच्या बाजूला दोघांचे मोठे चेहरे, खाली हिरवीगार बाग, कोपऱ्यात गाण्यातली जोडी आणि मध्ये नाव. असे पोस्टर कोणत्याही कौटुंबिक चित्रपटाला चालेल, म्हणून ते या चित्रपटाला चालणार नाही. पाने झडलेल्या उघड्या मांडवाखाली उभी असलेली मुलगी आणि त्याच मांडवाच्या दुसऱ्या टोकाला पाठमोरे बसलेले वडील, एवढेच दाखवले तर दोघांमधले अंतरच गोष्ट सांगू लागते. पाहणाऱ्याच्या मनात एक प्रश्न उभा राहतो आणि त्या प्रश्नाचे उत्तर हवे असणारा माणूस तिकीट काढतो. गोष्टीत नसलेली हाणामारी किंवा नाच पोस्टरवर घालू नये. शुक्रवारी त्या आमिषाने आलेला प्रेक्षक शनिवारी दहाजणांना “जाऊ नका” म्हणून सांगतो आणि छोट्या गावात हे सांगणे पोस्टरपेक्षा लवकर पोहोचते.

चेहरा वापरायचा की प्रसंग, याचा निर्णय प्रामाणिकपणे घ्यावा. माणसाची नजर चित्रातल्या चेहऱ्याकडे आणि त्यातही डोळ्यांकडे आधी जाते, म्हणून ओळखीचा नट असेल तर त्याचा चेहरा मोठा घेणे योग्यच आहे. नट नवे असतील तर मात्र नुसता चेहरा पाहणाऱ्याला काही सांगत नाही. तेथे देहबोली, वस्तू आणि जागा यांनी बोलावे लागते. पात्र ज्या दिशेला पाहते तिकडे आपलेही लक्ष वळते. त्यामुळे पात्राची नजर चित्रपटाच्या नावाकडे असेल तर नाव आपोआप वाचले जाते आणि ती कागदाबाहेर गेली तर प्रेक्षकही तिच्याबरोबर बाहेर जातो.

पोस्टरसाठीची छायाचित्रे चित्रीकरणाच्या दिवसांतच, स्वतंत्र अर्धा दिवस राखून काढावीत. चित्रफितीतली चौकट, म्हणजे एक फ्रेम, उचलून काम भागेल असे निर्मात्यांना वाटते, पण 4के चौकट 3840 बाय 2160 पिक्सेलची आणि आडवी असते. तिच्यातून 30 बाय 40 इंचांच्या उभ्या पोस्टरसाठी तुकडा कापला, तर इंचाला जेमतेम 54 पिक्सेल मिळतात. जवळून पाहिल्या जाणाऱ्या छपाईला इंचाला 300, म्हणजे 9000 बाय 12000 पिक्सेल लागतात. थोडे कमी असले तरी निभावते, पण 54 वर चेहऱ्याचा चिखल होतो.

आता अक्षरांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण मराठी पोस्टर बहुतेक वेळा येथेच फसते. पाट्या रंगवणाऱ्यांचा एक जुना ठोकताळा आहे: दहा फुटांच्या अंतराला एक इंच उंचीचे अक्षर. रस्त्याच्या पलीकडचा माणूस पन्नास फुटांवर असेल, तर अक्षर पाच इंचांचे हवे, म्हणजे 40 इंच उंचीच्या पोस्टरचा आठवा भाग. देवनागरीत ही उंची शिरोरेखेपासून अक्षराच्या पायापर्यंत मोजावी. वेलांट्या आणि मात्रा वर, उकार खाली, त्यांची जागा वेगळी धरावी लागते. नाव दोन ओळींत मोडले असेल तर वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांत अडकतात, म्हणून दोन्ही ओळी आधी हाताने कागदावर लिहून पाहाव्यात. अशा अडकण्यातून कधी कधी सुंदर जोडणीही सुचते आणि संगणकातला तयार टंक, म्हणजे फॉन्ट, ती कधीच देत नाही. नावासाठी शक्य तेथे सुलेखनकाराकडून अक्षरे लिहवून घ्यावीत, कारण शिरोरेखा ताणून, तोडून किंवा तिरकी करून गोष्टीचा स्वभाव अक्षरात उतरवता येतो. मात्र ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांतला फरक नक्षीत बुडाला, तर दुरून वाचणारा अडखळतो. छापखान्याला फाइल देण्यापूर्वी सर्व मजकुराचे आकारांत रूपांतर करावे, म्हणजे अक्षरे टंकावर अवलंबून न राहता चित्रासारखी होतात. एकदा मी ते केले नव्हते आणि छापखान्याच्या संगणकावर तो टंक नसल्यामुळे सगळ्या वेलांट्या अक्षरांच्या भलत्या बाजूला गेल्या. शंभर प्रती छापून झाल्यावर ते लक्षात आले आणि त्या साऱ्या मला टाकून द्याव्या लागल्या.

रंग निवडण्यापूर्वी पोस्टर जेथे लागणार आहे त्या भिंतीसमोर जाऊन उभे राहावे. सांगलीतल्या किंवा साताऱ्यातल्या कोणत्याही चौकात वाढदिवसाच्या आणि निवडीच्या अभिनंदनाचे फ्लेक्स असतात. त्यांवर वीस-पंचवीस चेहरे, भगवा, पिवळा, गर्द निळा आणि अक्षरांना सोनेरी कडा असतात. त्यांच्याशी त्याच रंगांत स्पर्धा केली तर पोस्टर त्या गर्दीचाच एक भाग होते. त्या गर्दीत मोकळी जागा उठून दिसते. आपल्या द्राक्षबागेच्या पोस्टरला फिक्या, धुरकट आभाळाची अर्धी पाटी आणि मुलीच्या अंगावर एकच गडद लाल ओढणी दिली, तर ते चौकातल्या सर्व फ्लेक्सांपेक्षा आधी दिसेल. विनोदी चित्रपटाला पिवळा, ऐतिहासिकाला भगवा हे संकेत प्रेक्षकाला ठाऊक असतात आणि ते मोडताना गोष्टीची जात तरी चित्रातून कळेल, एवढी काळजी घ्यावी.

कलाकारांची नावे कोणत्या क्रमाने आणि किती मोठी असतील, हे करारात आधीच लिहून घ्यावे. शेवटच्या रात्री नावे मोठी करत गेल्याने कितीतरी चांगल्या रचना बिघडलेल्या मी पाहिल्या आहेत. सेन्सॉरचे प्रमाणपत्र मिळाल्यावर त्याचा वर्ग जाहिरातीत दाखवावा लागतो. 2024 च्या नियमांनुसार यूए, म्हणजे पालकांच्या मार्गदर्शनाने पाहण्याच्या, वर्गाचे 7+, 13+ आणि 16+ असे तीन भाग झाले आहेत, त्यामुळे त्या खुणेची जागा रचनेत सुरुवातीपासून धरावी.

तेच पोस्टर तिकिटाच्या अॅपवर अंगठ्याएवढे दिसते. तेवढे लहान करून पाहिल्यावर नाव वाचता आले नाही, तर ते पन्नास फुटांवरूनही वाचता येणार नाही, असे मला आजवरच्या अनुभवात आढळले आहे. ही चाचणी फुकट आहे, म्हणून दर टप्प्यावर करावी.

छपाईत पडद्यावरचे झळाळते हिरवे आणि निळे रंग चार शायांत मंद पडतात. म्हणून फाइल सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या याच चार शायांच्या रंगपद्धतीत, करून रंगांची कागदी प्रत डोळ्यांनी तपासावी. बारीक अक्षरे फक्त एका काळ्या शाईत ठेवावीत, कारण चार शायांच्या काळ्यावर कोरलेली पांढरी बारीक अक्षरे एक छाप किंचित सरकली तरी बुजतात. चारी बाजूंना कापणीसाठी तीन मिलिमीटर रंग जास्त सोडावा. भिंतीवर चिकटवायचे असेल तर पातळ कागद घ्यावा. जाड, चकचकीत कागद खळ शोषत नाही आणि दुसऱ्या दिवशी कोपऱ्यातून सुटतो. खळीत थोडा मोरचूद घातला की कीड लागत नाही, पण तो विषारी असल्यामुळे त्याला उघड्या हाताने शिवू नये. पावसाळ्यात, विशेषतः साताऱ्याच्या पश्चिमेकडे, उघड्या भिंतीवरचा कागद टिकत नाही. तेथे छपराखालची जागा शोधावी.

भिंत खाजगी असेल तर मालकाची आणि सार्वजनिक असेल तर संबंधित कार्यालयाची लेखी परवानगी घ्यावी, कारण मालमत्ता विद्रूप करण्यास प्रतिबंध करणारा 1995 चा राज्याचा कायदा पोस्टरलाही लागू होतो. पोस्टरच्या तळाला चार इंचांची कोरी पट्टी ठेवावी, म्हणजे प्रत्येक गावात चित्रपटगृहाचे नाव, वार आणि खेळांच्या वेळा तिच्यावर वेगळ्या चिकटवता येतात. हजार प्रती लावण्याआधी दहाच लावाव्यात आणि गावच्या आठवडा बाजाराच्या दिवशी समोरच्या टपरीवर तासभर बसून पाहावे. लोक कोठे थांबतात, नाव मोठ्याने वाचतात का, आणि वाचल्यावर त्यांची नजर खालच्या पट्टीवरच्या वेळेकडे जाते का, याची वहीत नोंद करावी. वेळेकडे नजर जात नसेल, तर ती पट्टी चित्रातल्या लाल ओढणीच्याच रंगात छापून घ्यावी आणि मगच उरलेल्या प्रती लावायला पाठवाव्यात.