न छापलेली टाय-इन कादंबरी: शोधायची कशी आणि वाचायची कशी

स्टार ट्रेक, स्टार वॉर्स, डॉक्टर हू यांच्या कादंबऱ्या वाचायचा नाद असलेल्या प्रत्येकाला कधीतरी हे होतंच, की अमुक लेखकाचं अमुक पुस्तक येणार म्हणून जाहीर झालेलं सापडतं, नावसुद्धा ठरलेलं असतं, आणि मग त्याचा पत्ताच नाही. ते गेलं कुठे, लिहून झालं होतं का, आता वाचायला मिळेल का, आणि मिळालं तर ते कसं वाचायचं, एवढ्यासाठी हे सगळं लिहितोय. माझं म्हणणं एकच आहे, अशी कथा "हरवलेला खरा भाग" म्हणून वाचू नका, ती ज्या दिवशी लिहिली गेली त्या दिवशी लेखकाच्या टेबलावर काय होतं ते आधी बघा आणि मग वाचा, मजा कितीतरी पटीने वाढते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. टाय-इन म्हणजे पिक्चर किंवा सिरीयलच्या जगात, मालकाच्या परवानगीने, मोबदला घेऊन लेखकाने लिहिलेली गोष्ट. आधी आउटलाइन जाते, ती प्रकाशकाचा संपादक बघतो, मग फ्रँचायझीची मालक कंपनी बघते, ओके आलं की लेखक कादंबरी लिहितो, परत ती दोघांकडून तपासून येते आणि मग छपाई. म्हणजे पुस्तक अडायला जागा भरपूर, आणि कुठल्या जागी अडलं यावरच तुम्हाला काय सापडू शकेल ते ठरतं.

म्हणून पहिलं काम, ते पुस्तक नक्की किती लिहून झालं होतं ते शोधणं. नुसतं नाव जाहीर झालेलं पुस्तक आणि पूर्ण हस्तलिखित असलेलं पुस्तक यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि नेटवर दोन्हींना एकाच सुरात "लॉस्ट नॉव्हेल" म्हणतात. क्रिस्टी गोल्डनची स्वॉर्ड ऑफ द जेडाय ही स्टार वॉर्सची तीन पुस्तकांची मालिका २०१२ मध्ये जाहीर झाली आणि कधीच आली नाही, आता तिची फाइल कुठेतरी आहे असं कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर लेखिकेचं स्वतःचं त्यावर काय म्हणणं आहे ते आधी विचारायचं. लेखक "पूर्ण लिहून दिली होती" असं स्वतः म्हणत नाही तोवर ती लिहून झालीच नाही असं धरून चाला, वेळ वाचतो.

शोधायला सुरुवात स्टार ट्रेकसाठी मेमरी बीटा आणि स्टार वॉर्ससाठी वूकीपीडिया या विकींवर करा, पण तिथे थांबू नका. विकीवरचं पान वाचायचं ते तळटिपांसाठी, कुठल्या मुलाखतीत, कुठल्या वर्षी, कोण बोललं ते तिथे मिळतं. मग वेबॅक मशीनवर (वेबसाइटच्या जुन्या पानांच्या प्रती ठेवणारी साइट) जाऊन प्रकाशकाच्या साइटची त्या वर्षीची पानं उघडायची. लोकस हे मासिक येणाऱ्या पुस्तकांच्या याद्या छापतं, त्याचे जुने अंक मिळाले तर घोषणेचा महिना तिथे पक्का होतो. आणि बऱ्याचदा रद्द झालेल्या पुस्तकालाही आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख नंबर, मिळालेला असतो, तो नंबर सर्च केला की कधी कधी दुकानांच्या जुन्या नोंदीत पानांची संख्या, किंमत, तारीख असं सगळं दिसतं. या पानांच्या संख्येवर मात्र भाळू नका, ती पुस्तक तयार व्हायच्या आधीच अंदाजाने टाकलेली असते. स्टार ट्रेकवाल्यांनी आणखी एक करावं, जेफ एअर्सचं व्हॉयेजेस ऑफ इमॅजिनेशन (२००६) मिळवावं, त्यात एकेका कादंबरीबद्दल लेखक-संपादकांशी बोलून लिहिलंय. जुनी पेपरबॅक मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर आणि पुण्यात आप्पा बळवंत चौकाच्या आसपास चाळत राहावीत, न छापलेल्या कथेच्या आगेमागे छापलेली पुस्तकं वाचायला लागतातच, आणि ती नवी मिळत नाहीत.

मग, का अडलं ते शोधा. हा भाग लोक गाळतात आणि माझ्या मते सगळ्यात रस इथेच आहे.

माझं आवडतं उदाहरण २०१० चं. मे २००९ मध्ये नवा स्टार ट्रेक पिक्चर आला, नवे नट, नवी टाइमलाइन, स्पॉकचा व्हल्कन ग्रह नष्ट, त्याची आई गेली. पॉकेट बुक्स या प्रकाशकाने लगेच त्या नव्या जगातल्या चार कादंबऱ्या जाहीर केल्या, अ‍ॅलन डीन फॉस्टरची रेफ्युजीज, ख्रिस्टोफर बेनेटची सीक अ न्यूअर वर्ल्ड, डेव्हिड मॅकची मोअर ब्युटिफुल दॅन डेथ आणि ग्रेग कॉक्सची द हॅझर्ड ऑफ कन्सीलिंग. २०१० च्या उन्हाळ्यात त्या यायच्या होत्या, आणि त्याच वर्षी जानेवारीत चारही मागे घेतल्या. पिक्चरवाल्यांना पुढची गोष्ट कुठे न्यायची ते आधी ठरवू दे, पुस्तकांनी त्यांच्या वाटेत येऊ नये, असा त्याचा अर्थ. लेखकांनी काही चुकीचं लिहिलं म्हणून नाही, पुस्तकं वाईट म्हणून नाही, नुसती वेळ चुकली. पुढे त्यातल्या दोन तब्बल दहा वर्षांनी, २०२० मध्ये छापून आल्या, फॉस्टरची द अनसेटलिंग स्टार्स या नव्या नावाने आणि मॅकची मूळ नावानेच. बेनेटने आपल्या कथेतला मालमसाला जुन्या, म्हणजे मूळ सिरीयलच्या जगात नेऊन द फेस ऑफ द अननोन (२०१६) मध्ये वापरला. म्हणजे बघा, एकाच दिवशी अडलेल्या पुस्तकांचं नशीब किती वेगवेगळं, आणि "न छापलेली" हा शिक्का कायमचा असतोच असं नाही.

दुसरी तऱ्हा मार्गारेट वँडर बोनानोची. १९८६ च्या चौथ्या स्टार ट्रेक पिक्चरमध्ये व्हेल माशांच्या शोधात आलेला तो अजस्र प्रोब आठवतो ना, त्याची पुढची गोष्ट तिने म्युझिक ऑफ द स्फिअर्स या नावाने लिहिली. मंजुरीच्या फेऱ्यांमध्ये ती इतकी बदलत गेली की शेवटी जीन डीवीज या दुसऱ्या लेखकाने ती नव्याने लिहिली आणि १९९२ मध्ये प्रोब नावाने आली, कव्हरवर नाव मात्र बोनानोचंच. तिने हे कधी लपवलं नाही, आपलं मूळ हस्तलिखित चाहत्यांना वाचायला दिलं. इथे पुस्तक छापलं गेलं आणि तरीही कथा न छापलेली राहिली, ही परिस्थिती वरवर पाहणाऱ्याच्या लक्षातच येत नाही.

तिसरी तऱ्हा, कंपनीच बसते. वेस्ट एंड गेम्सकडे १९८७ पासून स्टार वॉर्सच्या रोलप्लेइंग गेमचं लायसन्स होतं, त्यांच्या अ‍ॅडव्हेंचर जर्नलचे १५ अंक निघाले, त्यात लघुकथा असायच्या, आणि १९९८ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली, सोळावा अंक कधी आलाच नाही. अशा वेळी कथा नाकारलेली नसते, ती वाऱ्यावर पडलेली असते, आणि तिचे तुकडे नंतर दुसरीकडे सापडू शकतात. चौथी तऱ्हा मालक बदलायची, ऑक्टोबर २०१२ मध्ये डिस्नीने स्टार वॉर्सची मालक कंपनी लुकासफिल्म घ्यायचं जाहीर केलं आणि २५ एप्रिल २०१४ ला जुन्या जवळजवळ सगळ्या कादंबऱ्यांवर लेजंड्स, म्हणजे अधिकृत कथेत न धरलेल्या, हे लेबल लागलं, म्हणजे त्या धाग्यातली पुढची कादंबरी येण्याचा रस्ता जवळजवळ बंद.

का अडलं हे कळलं की फाइल मिळेल का याचा अंदाज येतो. मंजुरीत अडलेली कथा लेखकाकडे असते, कंपनीबरोबर बुडालेली कथा संपादकांच्या जुन्या कागदांत असते, आणि पिक्चरसाठी थांबवलेली कथा प्रकाशकाच्या कपाटात सुखरूप असते, तिची वाट बघणं हाच उपाय. अमेरिकेत काही विद्यापीठांत अशा कागदांचे संग्रह आहेत, रिव्हरसाइडचं ईटन कलेक्शन, बोलिंग ग्रीनची ब्राउन पॉप्युलर कल्चर लायब्ररी, टेक्सास ए अँड एमची कुशिंग लायब्ररी. तिथे राहणारे आपले मराठी दोस्त असतील तर त्यांना कामाला लावा, संग्रहाची सूची बहुतेकदा नेटवरच असते, लेखकाच्या नावाने बॉक्स नंबर काढायचा आणि भेटीची वेळ आधी घ्यायची.

आता फाइल मिळाली असं धरू. पहिलं पान नीट बघा. त्या काळचं हस्तलिखित टाइपरायटरसारख्या फाँटमध्ये, दोन ओळींत मोकळी जागा सोडून असतं, एका पानावर साधारण २५० शब्द, म्हणजे ४०० पानांचा गठ्ठा असेल तर लाखभर शब्द, पूर्ण कादंबरी. त्याच्या निम्मीच पानं असतील आणि शेवट घाईत उरकलेला असेल तर तो मधला ड्राफ्ट असू शकतो. प्रत्येक पानाच्या वर आडनाव, कथेचं नाव, पान नंबर अशी पट्टी असते, मधेच त्या पट्टीतलं कथेचं नाव बदललेलं दिसलं तर दोन ड्राफ्ट एकत्र झालेत. उलट पीडीएफ छान सजवलेली असेल, कव्हर असेल, तर कोणीतरी नंतर हात फिरवलाय. केनेथ फ्लिंटची द हार्ट ऑफ द जेडाय हे त्याचंच उदाहरण, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बँटम या प्रकाशकासाठी लिहिली, रद्द झाली, २०१५ मध्ये नेटवर आली आणि त्यानंतरही तिच्यावर संपादन होत राहिलं. म्हणून फाइलच्या नावात वर्ष आणि कुठून मिळाली ते लिहून ठेवा, नाहीतर दोन वर्षांनी चर्चेत तुम्ही एका आवृत्तीबद्दल बोलाल आणि समोरचा दुसऱ्या.

वाचायच्या आधी एक कोरा कागद घ्या आणि त्यावर दोन रकाने करा, लेखकाला तेव्हा काय माहीत होतं, आणि आपल्याला आता काय माहीत आहे. फ्लिंटचंच घ्या. त्याचं नाव आयरिश पुराणकथांवरच्या फँटसीसाठी, तो स्टार वॉर्समध्ये आला तेव्हा पडद्यावर फक्त पहिले तीन पिक्चर, शेवटचा १९८३ चा. टिमथी झानची पहिली स्टार वॉर्स कादंबरी १९९१ ची, राजधानीच्या ग्रहाला कोरुसंट हे नाव तिच्यातूनच मिळालं. फँटम मेनेस यायला १९९९ उजाडणार होतं. क्लोन वॉर्स म्हणजे नक्की काय झालं होतं हे पडद्यावर कोणीच दाखवलेलं नव्हतं, जेडायने, म्हणजे स्टार वॉर्समधल्या त्या योद्ध्यांनी, कुणात गुंतायचं नाही, लग्न करायचं नाही हा नियमही पडद्यावर २००२ च्या पिक्चरने आणला. हे सगळं दुसऱ्या रकान्यात टाका आणि वाचताना त्या रकान्यावर हात ठेवा. "हे कॅननला (अधिकृत मानलेल्या कथेला) धरून नाही" असं वाटेल तिथे बहुतेक वेळा लेखक एक रिकामी जागा आपल्या बुद्धीने भरत असतो, आणि त्याने ती कशी भरली हे बघण्यातच सगळा आनंद आहे.

हीच गोष्ट मॅकच्या कादंबरीत जवळून दिसते. त्याने स्पॉकच्या वडिलांना, सारेकला, एंटरप्राइजवर आणलंय, व्हल्कनचं दुःख अजून ताजं आहे, बाप-लेक एका जहाजावर आहेत. २००९ चा पिक्चर बघून उठलेला माणूस साहजिकच हाच प्रश्न विचारेल की आता या दोघांचं काय, आणि मॅक सरळ तिथेच गेला. त्याच्या पुढच्या, २०१३ च्या पिक्चरमध्ये सारेक दिसतच नाही. म्हणून माझा आग्रह आहे, २००९ चा पिक्चर बघा, लगेच मॅकची आणि फॉस्टरची या दोन कादंबऱ्या वाचा, आणि २०१३ चा पिक्चर त्यानंतर. तो आधी बघितला असेल तर निदान पुन्हा बघू नका, लेखकाला त्यात खान हा खलनायक येणार हे माहीत नव्हतं, तुम्हीही ते बाजूला ठेवा.

बोनानोच्या बाबतीत दोन्ही पुस्तकं शेजारी उघडायची, पण आधी न छापलेलं पूर्ण वाचायचं, मग छापलेलं. उलट केलं तर छापलेलं डोक्यात बसतं आणि मूळ कथा त्याच्या चष्म्यातून दिसते. प्रत्येक प्रकरणापुढे एवढंच लिहायचं, काय राहिलं, काय गेलं, काय नवीन आलं, आणि शेवटी जे गेलं त्याची यादी सलग वाचायची. मालक कंपनीला त्या वर्षी कशाची धास्ती होती ते त्या यादीत दिसतं.

हक्कांबद्दल स्पष्ट बोलतो. अमेरिकन कायद्यात मालकासाठी करारावर केलेलं काम छापलंच नसेल तर लिहिल्यापासून १२० वर्षं ते हक्कात राहतं, म्हणजे १९९३ मध्ये लिहिलेली अशी कथा २११३ संपेपर्यंत. लेखकाने स्वतः वाचायला दिली असेल तर वाचा, पण तिच्या प्रती छापून विकू नका, आणि आवडली म्हणून मराठीत भाषांतर करून नेटवर टाकू नका, भाषांतराचा हक्कही मालकाचाच असतो. याचा फटका शेवटी लेखकाला बसतो, कारण पुढचं काम त्याला त्याच कंपनीकडून मिळायचं असतं. या लेखकांची बाजू तशीही नाजूक, २०२० मध्ये अ‍ॅलन डीन फॉस्टरसारख्या ज्येष्ठ माणसाला आपल्या जुन्या स्टार वॉर्स पुस्तकाच्या रॉयल्टीसाठी लेखक संघटनेला बरोबर घेऊन जाहीरपणे उभं राहावं लागलं होतं.

लेखक हयात असेल आणि त्याच्या साइटवर ईमेल दिलेला असेल तर जरूर लिहा, पण फाइल मागू नका. एकच नेमका प्रश्न विचारा, उदाहरणार्थ आउटलाइन आणि शेवटचा ड्राफ्ट यात कुठला प्रसंग बदलायला लावला, किंवा कुठलं पात्र काढायला लावलं. आपण त्याची छापलेली कुठली पुस्तकं वाचली ते दोन ओळीत सांगा, भारतातून लिहितोय हेही सांगा. उत्तर आलं तर ते जसंच्या तसं कुठेही टाकायच्या आधी त्याला विचारा, आणि त्याने हो म्हटलं तर विकीवरच्या त्या पानाला तारखेसकट जोडा, पुढच्या शोधणाऱ्याला तिथून सुरुवात करता येईल.