क्लाउडवर एकत्र काम करताना या चुका टाळा

वेर्णा किंवा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत कारखाना, पणजीत पाटोवर कार्यालय आणि मुख्यालय मुंबईत, अशी रचना असलेल्या कंपनीत एकच फाईल तिन्ही ठिकाणी उघडी असते. ती सापडेनाशी झाली की खापर इंटरनेटवर फुटते. माझ्या मते बहुतेक वेळा दोष असतो तो फाईल कोणाच्या खात्यात ठेवली आहे याचा.

मायक्रोसॉफ्ट टीम्समध्ये ही चूक सर्वांत महागात पडते. चॅनेलमध्ये टाकलेली फाईल शेअरपॉइंटवर, म्हणजे संघाच्या सामायिक जागेत जाते. चॅटमध्ये पाठवलेली फाईल मात्र पाठवणाऱ्याच्या वनड्राइव्हमध्येच, म्हणजे त्याच्या वैयक्तिक क्लाउड जागेतच राहते आणि इतरांना केवळ ती उघडण्याची परवानगी मिळते. खरेदी विभागातील एखाद्याने पुरवठादारांचे दरपत्रक असे चॅटवर दिले आणि नंतर नोकरी सोडली, तर त्याचे खाते काढल्यावर मूळ सेटिंगप्रमाणे त्याचा वनड्राइव्ह 30 दिवसच राखला जातो. त्यानंतरचे 93 दिवस तो परत आणणे फक्त प्रशासकाच्या हाती असते आणि पुढे तोही मार्ग बंद होतो. म्हणून निरोपाची शाल आणि नारळ देण्याआधीच त्या व्यक्तीच्या कामाच्या फाईली चॅनेलमध्ये हलवून घ्याव्यात. गुगल वर्कस्पेस वापरणाऱ्यांनी याच कारणासाठी 'माय ड्राइव्ह'ऐवजी शेअर्ड ड्राइव्ह वापरावा, कारण तेथील फाईलची मालकी व्यक्तीकडे नसून संस्थेकडे असते.

फाईल सिंक होत नसेल, म्हणजे लॅपटॉपवरील आणि क्लाउडवरील प्रत आपोआप जुळत नसेल, तर आधी तिचे नाव पाहावे. बिलाचा क्रमांक 'जीए/24-25/017' असा लिहिण्याची आपल्या लेखा विभागांची सवय जुनी आहे, पण फाईलच्या नावात तिरपी रेघ चालत नाही; अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह आणि तारकाचिन्हही चालत नाही. तेथे आडवी रेघ वापरावी. 'अंतिम', त्यात 'अंतिम नवीन', त्यात 'खरे अंतिम' अशी फोल्डरांची उतरंडही टाळावी, कारण शेअरपॉइंटवर फोल्डरांसह फाईलचा पूर्ण पत्ता 400 अक्षरांपलीकडे जाऊ शकत नाही.

पावसाळ्यात वीज गेली की राउटर बंद पडतो, लॅपटॉप मात्र बॅटरीवर चालू राहतो आणि काम थांबत नाही. त्याच वेळी मुख्यालयातही कोणी त्याच फाईलमध्ये बदल केला असेल, तर जोडणी परत आल्यावर कधीकधी दोन प्रती दिसतात व एकीच्या नावाला संगणकाचे नाव जोडलेले असते. ती प्रत फालतू समजून घाईने काढून टाकू नये. दोन्ही शेजारी उघडून बदल एकत्र करावेत. एक्सेलची फाईल जुन्या एक्सएलएस स्वरूपात असेल तर अनेकांना ती एकाच वेळी संपादित करता येत नाही, म्हणून ती एक्सएलएसएक्समध्ये साठवावी.

कंत्राटदारांना 'लिंक असलेला कोणीही' असा प्रवेश देऊ नये. ठरावीक व्यक्तींचीच नावे घालावीत.

शेवटचा गैरसमज सिंकबद्दलचा आहे. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. जागा मोकळी करण्यासाठी लॅपटॉपवरील सामायिक फोल्डरमधून फाईल काढली, तर ती सर्वांकडूनच जाते. लॅपटॉपवरच जागा हवी असेल तर फाईलवर उजवी क्लिक करून 'फ्री अप स्पेस' निवडावे. चुकून काढलेली फाईल शेअरपॉइंटच्या रिसायकल बिनमध्ये 93 दिवस राहते. तेवढ्या मुदतीत ती परत घ्यावी.