रीसेल फ्लॅट घेताना ओल कशी ओळखायची आणि दुरुस्ती कोणाच्या गळ्यात पडते

भाड्याने द्यायला म्हणून डोंबिवलीत पहिला रीसेल फ्लॅट घेतला तो मी नोव्हेंबरमध्ये बघितलेला. छताला नवीन पीओपीचं सिलिंग, नवीन रंग, एजंट म्हणतो साहेब काही काम नाही, चावी घ्या आणि भाडेकरू ठेवा. जूनमध्ये पंख्यावरून थेंब पडायला लागले, पीओपी फोडलं तर स्लॅबचं प्लास्टर कधीच गळून गेलेलं आणि सळया लाल गंजलेल्या. ते सिलिंग शोभेचं नव्हतंच, झाकण होतं.

तेव्हापासून मी डाग बघून खर्चाचा अंदाज बांधत नाही, पाणी कुठून येतंय ते आधी शोधतो, कारण पैसे कोणी भरायचे हे पण त्यावरच ठरतं.

फ्लॅट शक्यतो जुलै-ऑगस्टमध्ये बघा. जमत नसेल तर बाथरूमच्या मागच्या भिंतीला टेकलेलं कपाट उघडून वास घ्या, सिंकखाली टॉर्च मारा, खिडकीखालचे कोपरे बघा. रंगाला पोपडे, भिंतीवर पांढरं पीठ सुटलेलं म्हणजे आत ओल असण्याची दाट शक्यता. आणि बाकी घर जुनाट पण एकच भिंत चकाचक असेल तर तिथेच थांबून विचारा की हीच का रंगवली. छत काठीने ठोका, पोकळ आवाज आला की प्लास्टर सुटलंय. प्लास्टरच्या केसासारख्या भेगांना घाबरायचं कारण नाही, पण बीम किंवा कॉलममध्ये सळईच्या रेषेतच लांब भेग असेल तर आत सळई गंजून फुगलीये आणि काँक्रीटला बाहेर ढकलतेय, तिथे इंजिनिअर आणल्याशिवाय टोकन, म्हणजे सौदा पक्का करायची आगाऊ रक्कम, देऊ नका.

आता पाणी कुठलं? फक्त पावसात ओल येते तर बाहेरची भिंत नाहीतर गच्ची. बारा महिने सारखी टपकते, वरच्यांनी नळ वापरो न वापरो, तर प्रेशरची पाइपलाइन, मेन व्हॉल्व्ह काही तास बंद ठेवला की कळतं. वरचे आंघोळ करतात तेव्हाच वाढते तर त्यांच्या बाथरूमचं वॉटरप्रूफिंग किंवा नहाणी ट्रॅप, म्हणजे फरशीतली पाणी जायची जाळी आणि तिच्याखालचं भांडं. हे तपासायला ट्रॅप बुजवून बाथरूममध्ये रंगीत पाणी २४ तास भरून ठेवतात. त्यासाठी वरच्या काकूंकडे भांडायला जाऊ नका, "काकू, एक दिवस पाणी भरून बघू या, खर्चाचं नंतर बोलू" एवढंच म्हणा, बहुतेक वेळा ऐकतात.

खर्चाचं म्हणाल तर महाराष्ट्रातल्या हाउसिंग सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायटीचे नियम) बाहेरच्या भिंती, बाहेरचे पाइप, गच्ची आणि गच्चीच्या गळतीमुळे खराब झालेलं टॉप फ्लोअरचं छत हे सोसायटीचं काम. टॉयलेट-सिंकची आतली गळती त्या त्या फ्लॅटवाल्याची. सेक्रेटरीला तोंडी सांगून काही होत नाही, फोटो लावून पत्र द्या आणि पोच घ्या. नवीन बिल्डिंग असेल तर रेरा या घरबांधणी-विक्रीच्या कायद्याखाली ताब्यापासून ५ वर्षं बांधकामाचे दोष बिल्डरने फुकट दुरुस्त करायचे असतात, कळवल्यापासून ३० दिवसांत.

जुन्या बिल्डिंगचा स्ट्रक्चरल ऑडिट रिपोर्ट, म्हणजे इंजिनिअरने केलेल्या मजबुतीच्या तपासणीचा अहवाल, मागाच. १५ ते ३० वर्षांच्या बिल्डिंगचं दर ५ वर्षांनी, त्यापुढे दर ३ वर्षांनी ऑडिट व्हायला हवं. रिपोर्टमध्ये सी-१ लिहिलं असेल तर बिल्डिंग रिकामी करून पाडायची, सी-२ए म्हणजे बिल्डिंग पूर्ण किंवा काही भाग रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-२बी म्हणजे माणसं राहत असताना मोठी दुरुस्ती, सी-३ किरकोळ. रिडेव्हलपमेंटच्या आशेने सी-१ घेणारे पण बघितलेत, पण भाडं हवं असेल तर मी त्या जिन्याची पायरी पण चढणार नाही. सी-२ असेल तर सोसायटीच्या दुरुस्ती फंडात किती शिल्लक आहे ते विचारा, कारण तो रिकामा असेल तर वर्गणी तुमच्याच दारात येणार, आणि किमतीत घासाघीस करायची वेळ टोकनच्या आधीची, नंतर कोण ऐकतो.

कामाचा क्रम उलटा करू नका, सगळे तिथेच फसतात. आधी गळती बंद, मग भिंत पूर्ण सुकू द्या, मग प्लास्टर, शेवटी रंग. सुकली का बघायला प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने भिंतीला चिकटवा, दोन दिवसांनी आतल्या बाजूला दव दिसलं तर थांबा. वरच्या बाथरूमची पूर्ण फरशी फोडायच्या आधी टाइलच्या फटी आणि ट्रॅपची कड एपॉक्सीने (पाणी न शोषणारा घट्ट भराव) भरून बघा, कधीकधी तेवढ्यावरच भागतं. गंजलेल्या सळईवर नुसतं सिमेंट थापणारा मिस्त्री आला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. सुटलेलं काँक्रीट काढून, सळई घासून, गंजरोधक कोट मारून मग पॉलिमर मॉर्टर (चिकटपणासाठी पॉलिमर मिसळलेला सिमेंटचा मसाला) भरायचं असतं, आणि सळई बारीक झालेली दिसली तर परत इंजिनिअर.

बिलं सांभाळून ठेवा, पण घरभाड्याच्या उत्पन्नातून दुरुस्तीचं बिल वेगळं वजा होत नाही. पालिकेचा भरलेला कर वजा करून उरतं त्यावर सरसकट ३०% सूट मिळते, खर्च केला असो वा नसो. भाडेकरू यायच्या दिवशी छत, बाथरूम, सिंकखालचा भाग यांचे फोटो काढून त्यांनाच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा आणि सांगून ठेवा, दादा, डाग दिसला की त्याच दिवशी फोटो टाका, डिपॉझिटमधून नाही कापणार. कापणार म्हटलं की लोक डाग लपवतात आणि तुम्हाला कळेपर्यंत प्लास्टर खाली आलेलं असतं.