शाळा सोडून घरी शिकवायचं म्हणताय? आधी दहावीचा रस्ता ठरवा

जून जवळ आला की आपल्याकडं सांगली साताऱ्यात हा विषय निघतोच, पोराला शाळेतनं काढून घरी शिकवलं तर चालतं का, ऑनलाइन शाळा खरी असते का. विचारणाऱ्यांची कारणं वेगवेगळी. कुणाचं पोर सकाळ-संध्याकाळ तालमीत नाहीतर ग्राउंडवर, कुणाचं वर्गात बसायलाच घाबरतंय, आणि विटा खानापूर आटपाडीकडची गलाईवाली, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यातली घरं तर कायमच या पेचात, आज केरळात उद्या तमिळनाडूत, पोराची निम्मी शाळा एका भाषेत निम्मी दुसऱ्या. सगळ्यांना मी एकच सांगते, दाखला काढायच्या आधी दहावीची परीक्षा कुठनं द्यायची ते ठरवा आणि तिथनं उलटं मागं या. बाकीचं सगळं त्यावरनं ठरतं.

कायद्याचं लोक फार मनाला लावून घेतात म्हणून ते आधी. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू, ६ ते १४ वयाच्या पोरांसाठी. पोराला शाळेत घालणं हे आईबापाचं कर्तव्य आहे असं त्यात आहे, पण तसं केलं नाही तर शिक्षा काय ते कुठंच नाही, आणि होमस्कूलिंगला नाव घेऊन परवानगी पण नाही नाव घेऊन बंदी पण नाही. त्यामुळं शाळाबाह्य मुलांच्या सर्व्हेला गुरुजी दारात आले तर लपवाछपवी करू नका, बसवा, चहा द्या, पोराच्या वह्या आणि काय चाललंय ते दाखवा. ऊसतोडीच्या आणि वीटभट्टीवरच्या पोरांसाठी तो सर्व्हे फार गरजेचा आहे, त्यांना सहकार्य करायलाच पाहिजे.

आता दहावी. रस्ते मुख्य तीन. पहिला एनआयओएस, म्हणजे केंद्र सरकारचं मुक्त विद्यालय, १९८९ पासूनचं. वयाची १४ वर्षं पूर्ण लागतात, किमान पाच विषय, त्यात एक तरी भाषा, परीक्षा वर्षातनं दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. सगळ्यात मोठी सोय म्हणजे पाच वर्षांत नऊ संधी मिळतात आणि एकेक विषय सुटा सुटा काढता येतो, स्पर्धांच्या मागं फिरणाऱ्या पोराला हे फार सोपं पडतं. २० टक्के मार्क घरनं लिहून द्यायच्या असाइनमेंटचे असतात, त्या वेळेत भरा. मराठीतनं पण देता येते दहावी.

दुसरा रस्ता आपल्या राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ. यात पाचवी आणि आठवीच्या पातळीची परीक्षा पण आहे, पाचवीला वय १० पूर्ण, आठवीला १३. लहानपणीच शाळा सोडायची असेल तर हे मला बरं वाटतं कारण मधे मधे हातात सरकारी कागद राहतो. एनआयओएसमध्ये पण तिसरी, पाचवी, आठवीच्या पातळीचं आहे, तिथं त्याला ए, बी, सी लेवल म्हणतात.

तिसरा, सगळ्यांना माहीत असलेला सतरा नंबर फॉर्म. नेहमीच्या एसएससीलाच बाहेरनं बसायचं, आपल्या दोन्ही जिल्ह्यांना कोल्हापूर विभागीय मंडळ. याला शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो, तेव्हा तो दाखला, आधार आणि जन्मदाखला, तिन्हीवर नाव आणि जन्मतारीख अक्षर न अक्षर सारखी आहे का ते आत्ताच बघून घ्या. शाळेत असताना दुरुस्ती एका अर्जात होते, शाळा सुटल्यावर फार पळापळ होते.

विषय निवडताना एक धोका आहे. एनआयओएसमध्ये गणित न घेता पण दहावी होते, आणि पोराला गणित आवडत नाही म्हणून पुष्कळ जण तेच करतात. पण मग अकरावी सायन्स, डिप्लोमा असं पुढचं अडू शकतं. १४ वर्षांच्या पोराचं पुढचं दार आपण बंद करू नये, गणित आणि विज्ञान ठेवाच, त्याच्या जोडीला त्याच्या आवडीचं घ्या. हिंदुस्थानी संगीत, पेंटिंग असे विषय तिथं आहेत, मिरजेला गाणं नाहीतर सतार शिकायला जाणाऱ्या पोराला संगीताचे मार्क थेट दहावीत धरले जातात, याच्यासारखं काय. तसंच सैनिक स्कूल, नवोदय, स्कॉलरशिपची परीक्षा यातलं काही मनात असेल तर त्यांच्या अटी आधी वाचा, तिथं मान्यताप्राप्त शाळेत शिकत असल्याची भानगड येते. बारावी पण एनआयओएसमधनंच केली आणि इंजिनिअरिंगच्या जेईईला बसायचं झालं तर बारावीचे पाच विषय पूर्ण पाहिजेत हे पण डोक्यात असू द्या.

ऑनलाइन शाळावाल्यांचा फोन आला तर फी विचारायच्या आधी एकच प्रश्न विचारा, दहावीचा फॉर्म कुठल्या बोर्डाचा भरणार, आणि उत्तर लेखी मागा. पुष्कळ ठिकाणी शेवटी एनआयओएस असंच उत्तर येतं, मग तो फॉर्म आपण स्वतः भरू शकतो, तुम्ही पैसे फक्त शिकवणीचे देताय हे लक्षात घेऊन फी जास्त का कमी ते ठरवा. चांगले शिक्षक, छोटी बॅच, शंका विचारायला माणूस असेल तर जरूर घ्या. नुसते रेकॉर्ड केलेले व्हिडिओ असतील तर नको, तसले सरकारच्या दीक्षा ॲपवर फुकट आहेत, बालभारतीची पुस्तकं पण पीडीएफ मध्ये फुकट मिळतात.

पुस्तकं, ॲप, पैसा यापेक्षा अवघड प्रश्न आहे घरात दिवसा पोराजवळ कोण असणार. दोघं नोकरीला आणि पोर मोबाईलजवळ एकटं, हे होमस्कूलिंग नाही, आणि मी अशा घराला स्पष्ट नको म्हणते, वाईट वाटलं तरी. आजी-आजोबा असतील तर फार उत्तम, पण त्यांच्यावर सगळं टाकून नाही, रोज सकाळचे दोन-तीन तास आई किंवा वडील कुणीतरी बसलंच पाहिजे. तेवढ्यात भाषा, गणित होतं. उरलेला दिवस घराबाहेर. साताऱ्यातल्यांनी अजिंक्यतारा आणि छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालय तर करावंच, पण महाबळेश्वरच्या वाटेवर भिलारला जा, २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव आहे, घराघरात बसून वाचता येतं. वाईला मराठी विश्वकोशाचं ऑफिस आहे आणि आख्खा विश्वकोश नेटवर फुकट आहे, पोराला त्यात शोधायची सवय लावा. सांगलीकडच्यांनी हळदीचा सौदा दाखवा, तासगावला बेदाण्याचं शेड दाखवा, किलोचा भाव, ओल, टक्केवारी, आख्खा गणिताचा धडा तिथं होतो. आणि रोज संध्याकाळी इतर पोरांत खेळ, हे कधी चुकवायचं नाही, शाळेतली मैत्री घरात आपण देऊ शकत नाही.

नाही जमलं तर? परत जाता येतं. त्याच कायद्यात वयानुसार वर्गात प्रवेश द्यायची तरतूद आहे, १४ पर्यंत जवळची सरकारी शाळा नाही म्हणू शकत नाही, वर्षाच्या मधे गेलं तरी. म्हणून सोडताना शाळेशी भांडून सोडू नका, मुख्याध्यापकांना भेटून कारण नीट सांगा.

आणि दाखला लगेच काढू नका. आधी आख्खी उन्हाळ्याची सुट्टी घरी ठरवल्यासारखं वेळापत्रक चालवून बघा, पाहुणे येवोत नाहीतर जत्रा असो. जूनच्या पहिल्या आठवड्यात पोराला एकट्याला बसवून विचारा, आणि ते शाळेत जातो म्हणालं तर त्याच दिवशी नवीन दप्तर आणा.